ऑनलाइन फिनडॉममध्ये फेक प्रोफाइल आणि फसवणारे लोक कसे ओळखायचे?

मित्रा, तुझा प्रश्न नीट वाचला. टेलिग्रामवर एक 'मिस्ट्रेस' भेटली, लंडनला असते म्हणाली, ५०० रुपये 'रजिस्ट्रेशन' मागितलं ते तू यूपीआयने दिलंस, आणि आता 'स्लेव्ह कॉन्ट्रॅक्ट' (तू तिचा गुलाम, असा खेळातला करार) करायचंय म्हणून आधारचा फोटो आणि ऑफिसचं आयकार्ड मागतेय. तुला विचारायचंय की ही खरी असेल का आणि खरी माणसं ओळखायची कशी. तर पहिलं उत्तर हे की आधार पाठवू नकोस, ती खरी निघाली तरी नाही आणि खोटी निघाली तरी नाही.

मी यात बरीच वर्षं आहे, देणाऱ्याच्या बाजूने, आणि नवीन पोरं मला प्रोफाइल पाठवून विचारतात 'बघ ना ही कशी वाटते', त्यामुळे खूप नमुने बघितलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फिनडॉम म्हणजे दोन सज्ञान माणसांतला असा खेळ की एकाला (त्याला सब म्हणतात) पैसे देण्यात आणि कंट्रोल सोडण्यात मजा येते, दुसऱ्याला (म्हणजे डॉमला) घेण्यात, आणि किती द्यायचं, कुठे थांबायचं हे दोघांनाही आधी माहीत असतं. यात तू काही वाईट करतोयस असं अजिबात मनात आणू नकोस, कारण फसवणारे नेमके त्याच भीतीवर जगतात, की हा कुणाला सांगायला जाणार नाही, घरी नाही, मित्रांना नाही, पोलिसांना तर नाहीच.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. खऱ्या डॉमला तू पुढच्या महिन्यातही हवा असतोस. तुझी नोकरी टिकली पाहिजे, घरभाडं वेळेवर गेलं पाहिजे, तुझं डोकं शांत राहिलं पाहिजे, तरच तू परत येणार हे तिला कळतं. म्हणून ती लिमिट विचारते, सेफवर्ड (जो म्हटला की खेळ तिथेच थांबतो तो शब्द) ठरवते, काही जणी तर सरळ बजेट विचारतात आणि त्याच्या वर घेत नाहीत. फसवणाऱ्याला तू फक्त आज रात्री हवा असतोस, कारण उद्या सकाळी तुझं डोकं ठिकाणावर आलं की तू ब्लॉक करणार हे त्याला माहीत असतं. त्याची सगळी घाई त्यातूनच येते, 'दहा मिनिटांत पाठव', 'आत्ता नाही तर कधीच नाही', 'क्रेडिट कार्ड नसेल तर लोन अ‍ॅपवरून घे'. लोन घ्यायला लावणारी व्यक्ती दिसली की तिथेच विषय संपव.

त्यामुळे माझी सगळ्यात आवडती टेस्ट अगदी साधी आहे, एकदा 'नाही' म्हणून बघ. नीट, अदबीने लिही की 'या आठवड्यात जमणार नाही, पगार झाल्यावर बोलू'. खरी असेल तर ती म्हणेल ठीक आहे, फार तर म्हणेल की मग माझा वेळ घेऊ नकोस तोपर्यंत, आणि तेही रास्तच आहे, तिचं काम आहे ते. खोटी असेल तर पुढच्या दोनतीन मेसेजमध्ये शिव्या, धमकी किंवा अचानक गोड बोलून डिस्काउंट, ५००० चे २००० आणि २००० चे ७००. खेळातला उद्धटपणा वेगळा असतो आणि हा वेगळा, एकदा बघितलास की लगेच कळायला लागेल.

तुझ्या केसमध्ये मला पहिल्या ओळीलाच खटकलं ते लंडन. लंडनला राहणाऱ्या बाईकडे भारतातल्या बँकेचा यूपीआय आयडी कशाला असेल? कुणी एनआरआय असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती तसं सांगेल, आणि खात्यावरचं नाव तिच्या गोष्टीशी जुळेल. तसंच अ‍ॅमेझॉनच्या गिफ्ट कार्डचं, आपल्याकडचं रुपयातलं कार्ड फक्त भारतातल्या साइटवर चालतं, त्यावर लंडनमध्ये काही घेता येत नाही, तरी 'यूकेची गॉडेस' रुपयातला कोड मागते म्हणजे समोरचा इथेच कुठेतरी बसलाय, आणि बाईच असेल असंही धरून चालू नकोस. पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं ना, तेव्हा काय आलं होतं ते आठवून बघ. माझ्याकडे एकाने असाच स्क्रीनशॉट आणला होता, प्रोफाइलवर सोनेरी केसांची बाई, नाव काहीतरी रशियन, आणि यूपीआयवर आलेलं नाव पुरुषाचं, आडनावासकट चक्क आपल्याकडचं, आणि तेही बहुतेक भाड्याने घेतलेलं खातं असणार, म्हणजे त्या नावाच्या माणसालाही पत्ता नसेल.

आणि हे उलट बाजूनेही चालतं, याकडे कुणी लक्ष देत नाही. यूपीआयने तू शंभर रुपये जरी पाठवलेस तरी तुझं बँकेतलं पूर्ण नाव समोर जातं, आयडी मोबाइल नंबरचा असेल तर नंबरही जातो, आणि नंबर मिळाला की व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी, ट्रूकॉलर, फेसबुक, तिथून आईचं नाव, बायकोचं नाव, ऑफिस. दहा मिनिटांचं काम आहे. म्हणून अनोळखी माणसाला पहिला ट्रिब्यूट (डॉमला दिलेले पैसे) यूपीआयने कधीच देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्या साइटवर पैसे घेणाऱ्यांची ओळखपत्रं आधीच तपासतात, ओन्लीफॅन्स किंवा लॉयलफॅन्ससारख्या, तिथेच द्यावा, कमिशन कापलं जातं पण तुझा नंबर समोर जात नाही. गिफ्ट कार्डने ओळख झाकता येते, पण कोड एकदा दिला की पैसे परत यायची आशा सोडायची.

प्रोफाइल तपासताना फोटो आधी गूगल लेन्स आणि टिनआय या फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकून बघ, चोरलेले असतील तर बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचं इन्स्टा निघतं. एक्सच्या (आधीचं ट्विटर) ब्लू टिकवर जाऊ नकोस, नोव्हेंबर २०२२ पासून ती पैसे भरून मिळते. एक्सवर प्रोफाइलवरच्या जॉइन झाल्याच्या तारखेवर टॅप केलं तर अकाउंट कुठल्या देशातून चालतं आणि युजरनेम किती वेळा बदललं ते दिसतं, व्हीपीएनमुळे देश चुकू शकतो पण चारपाच वेळा नाव बदललेलं असेल तर ते विकत घेतलेलं जुनं अकाउंट असू शकतं. खऱ्या, नावाजलेल्या डॉमच्या नावात एक अंडरस्कोर वाढवून किंवा एल च्या जागी आय टाकून डुप्लिकेट काढतात, तेव्हा ज्या अकाउंटवरून मेसेज आलाय ते तिच्या मूळ पेजवर लिंक केलंय का बघ, आणि नसेल तर मूळ अकाउंटलाच विचार. नुसता फॉलोअरचा आकडा बघू नकोस, दोन वर्षांपूर्वी तिच्याशी कोण बोलत होतं, दुसऱ्या डॉम तिला ओळखतात का, ते वाचत बस. कंटाळवाणं काम आहे पण तेच उपयोगी पडतं. आणि प्रोफाइलवर वय १८ लिहिलंय पण बोलणं शाळेचं चाललंय, तर एक शब्द न बोलता रिपोर्ट करून बाहेर पड.

कॉन्ट्रॅक्टबद्दल सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. 'ब्लॅकमेल फँटसी' नावाचा प्रकार या कम्युनिटीत खरंच आहे, पण तो खेळणारी जाणकार माणसं खोटी किंवा अर्धवट माहिती वापरतात, आणि तेही ओळख मुरल्यावर. पहिल्याच आठवड्यात खरं आधार, खरं ऑफिस, चेहरा दिसेल असा फोटो मागणं म्हणजे सरळ खंडणीची तयारी. ओळखीतल्या एका मुलाने असंच सगळं दिलं होतं. आधी १५०० मागितले, दिले, मग 'फाइल डिलीट करायची फी', मग दुसऱ्याच नंबरवरून 'क्राइम ब्रँचचा साहेब' बोलायला लागला की तुझा व्हिडिओ यूट्यूबवर चढलाय, काढायचा तर एवढे भर. तो साहेब त्याच टोळीतला असतो, पोलीस असे पैसे मागत नाहीत. त्या मुलाने शेवटी पैसे देणं बंद केलं, स्क्रीनशॉट घेऊन तक्रार केली, सख्ख्या भावाला सांगितलं. दोनतीन दिवस फोन येत राहिले, नंतर थांबले, कारण जो देत नाही त्याच्यामागे वेळ घालवणं त्यांना परवडत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुसऱ्याला तुझा फोन चालवू देणारी अ‍ॅप) लावून 'ड्रेन सेशन', म्हणजे तुझं खातं रिकामं करायचा खेळ, करू म्हणणाऱ्यांनाही हाच नियम लाव, ज्या फोनवर ओटीपी येतात तो फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही, फँटसी कितीही भारी वाटली तरी.

हे वाचणाऱ्या कुणी मुली स्वतः डॉम म्हणून सुरुवात करत असतील तर फसवणारे 'सब' पण ढिगाने आहेत गं. पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट पाठवणारे वेगळेच, पण 'तुला वीस हजार टाकतो, त्यातले पंधरा माझ्या दुसऱ्या अकाउंटला पाठव' म्हणणारा सगळ्यात धोकादायक, कारण ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले असतात आणि सायबर पोलीस तुमचं खातं गोठवतात.

आता जर पैसे उकळणं सुरू झालंच असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, जितक्या लवकर करशील तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता जास्त, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही टाक. तक्रारीत फिनडॉम समजावत बसायची गरज नाही, 'खोटी ओळख सांगून पैसे घेतले आणि फोटो पसरवायची धमकी देतात' एवढं पुरतं, खंडणी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक करायच्या आधी घे, टेलिग्रामवर समोरचा दोन्ही बाजूचे मेसेज उडवू शकतो. खाजगी फोटो गेले असतील तर स्टॉप एनसीआयआय नावाची फुकट साइट आहे, तिथे फोटो अपलोड होत नाही, तुझ्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टासारख्या साइट त्या कोडवरून तो फोटो अडवतात. 'पैसे परत मिळवून देतो' म्हणत जो स्वतःहून मेसेज करेल तोही चोरच. फक्त हे लक्षात घे की तू राजीखुशीने दिलेला ट्रिब्यूट नंतर नको वाटला म्हणून बँक परत देणार नाही, पिन तूच टाकलेला असतो.

तुझे ५०० गेले ते जाऊ देत. आज रात्री स्क्रीनशॉट घे, ब्लॉक कर, यूपीआय आयडी मोबाइल नंबरचा असेल तर दुसरा बनव, आणि फेसबुकची फ्रेंडलिस्ट लपव. आधार आधीच पाठवून बसला असशील तर आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक कर आणि संचार साथी पोर्टलवर जाऊन तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघ, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच बंद करायची रिक्वेस्ट टाकता येते.