लॅटिनमध्ये आधी क्रियापद पकड, मग वाक्य

तू सगळे तक्ते एकदम पाठ करायला बसू नकोस, कंटाळून सोडून देशील. आधी प्रत्येक क्रियापदाचा गट, म्हणजे त्याची रूपं कोणत्या पद्धतीने चालतात ते, पक्का कर, कारण सगळी गंमत तिथेच आहे. बघ, 'आमेत' आणि 'रेगेत' दिसायला सेम, पण 'आमारे' (प्रेम करणं) पहिल्या गटातलं म्हणून 'आमेत' हा सब्जंक्टिव्ह (इच्छा, हेतू, शक्यता अशा अर्थांचं रूप), आणि 'रेगेरे' (राज्य करणं) तिसऱ्यातलं म्हणून 'रेगेत' हा साधा भविष्यकाळ, त्याचा सब्जंक्टिव्ह 'रेगात'. गट माहीत नसेल तर नुसत्या शेपटावरून काही कळत नाही, आणि पुस्तकं हे कुठेतरी तळटीपेत टाकतात, का ते देवाला ठाऊक.

इम्परफेक्ट (भूतकाळातला) सब्जंक्टिव्ह मात्र फुकटात मिळतो, इन्फिनिटिव्ह (आपल्या 'बघणं'सारखं मूळ रूप) घ्यायचा आणि प्रत्यय चिकटवायचा, 'विदेरे'चं (बघणं) 'विदेरेत', झालं.

आता 'उत' हे वाक्यं जोडणारं अव्यय दिसलं की आधी पुढचं क्रियापद शोध. इंडिकेटिव्ह (साधं विधान करणारं रूप) असेल तर 'जसं' किंवा 'जेव्हा'. सब्जंक्टिव्ह असेल तर बहुतेक वेळा हेतू नाहीतर परिणाम. 'वेनित उत उर्बेम विदेरेत', म्हणजे शहर बघायला आला, हा हेतू. (आपण 'बघायला' म्हणतो म्हणून लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह ठोकून देऊ नकोस, गद्यात तसं चालत नाही.) मागे 'ताम' (इतका), 'इता' (असं) असं काही असेल तर परिणाम असण्याची शक्यता जास्त. नकार असेल तर अजून सोपं, हेतूला 'ने' लागतं, परिणामाला 'उत नोन'.

'कुम' या दुसऱ्या अव्ययाचं नंतर बघू, आधी हे जमू दे.