दुसऱ्या बाळाला लिस्बनची परवानगी लागत नाही

माई, नमस्कार.

मी डिचोलीची, वय ३४. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी पहिलीत आहे. सासऱ्यांचा जन्म १९५८ चा, गोव्यात पोर्तुगीज अंमल असतानाचा, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व मिळावं यासाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही लिस्बनला जन्म नोंदवायचे कागद एजंटाकडे दिले. बाबांची नोंद झाली. नवऱ्याची फाईल मात्र अडकली आहे. एजंट म्हणतो, ‘होतं, होतं.’ नवरा मध्यरात्री उठून मोबाईलवर साईट बघतो आणि मग सकाळपर्यंत जागा राहतो. औषध कंपनीत त्याला वरची जागा देत होते, ती नको म्हणाला, कारण ‘आपण जाणारच’. छपराच्या दोन वाशांना वाळवी लागली आहे, स्वयंपाकघरात पाणी गळतं, त्यावरही ‘आता कशाला खर्च?’ दुसऱ्या मुलाचं विचारलं की ‘तिकडे गेल्यावर.’ चवथीला जमलेला प्रत्येक जण विचारतो, ‘कधी निघताय?’ मी काही बोलले तर म्हणतो, ‘तुला यायचंच नाही.’ खरं सांगू का माई, मला जायचंय की नाही हेच मला कळेनासं झालंय.
– वाट पाहून दमलेली

बाये,

तुझं पत्र वाचून आधी बाळाचं बोलते, बाकीचं मागाहून.

आईवडिलांपैकी एक पोर्तुगीज नागरिक आहे या नात्याने जे नागरिकत्व मिळतं, ते पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे जन्मापासूनचं धरलं जातं. नोंद आज होवो की चार वर्षांनी, हिशेब जन्मतारखेपासून. त्यामुळे तुझं दुसरं मूल फाईल निकाली निघण्याआधी जन्माला आलं काय किंवा नंतर आलं काय, बापाची नोंद झाल्यावर त्याचीही करता येते. आधी जन्मलं म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखव. एजंटावर विश्वास नसेल तर पणजीत ही कामं करणारे वकील आहेत, त्यांच्याकडून खात्री करून घ्या. तुम्हा दोघांना मूल हवं असेल तर त्या कारणासाठी थांबायची गरज नाही. तू ३४ ची आहेस, आणि तुझं शरीर काही लिस्बनच्या कचेरीच्या वेळापत्रकावर चालत नाही.

आता फाईल. ती अडकली म्हणजे कुणी मुद्दाम अडवली असं समजू नका. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत गोव्याचेच कागद येतात असं थोडंच आहे? ब्राझीलचे आहेत, आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींतले आहेत, २०१५ पासून सेफार्दी ज्यूंच्या, म्हणजे पूर्वी स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेल्या ज्यूंच्या, वंशजांचे अर्जही ढिगाने गेले. त्यात आपल्या कागदांची साखळी लांब. आधी सासऱ्यांचा जन्म तिकडच्या पुस्तकात चढायचा, मग सासू-सासऱ्यांचं लग्न, त्यानंतर मुलाचा जन्म. मधली एक कडी कच्ची राहिली की पुढचं सगळं थांबतं. तू लिहितेस की बाबांची नोंद झाली. लग्नाची झाली का? त्याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, आणि मला वाटतं तुलाही ते ठाऊक नाही.

दुसरा घोळ नावांचा असतो. सासऱ्यांचा जन्मदाखला काढला असेल तेव्हा तू तो हातात घेऊन वाचलास का? पोर्तुगीज अमदानीतल्या कारकुनाने कानावर पडेल ते आपल्या स्पेलिंगात लिहिलेलं असायचं. परबांचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’. आजोबांचं नाव एका ठिकाणी एक आणि आजीच्या लग्नाच्या नोंदीत दुसरं, असंही होतं. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर पुन्हा तिसरंच. आपल्याला वाचताना कळतं की माणूस एकच आहे. लिस्बनमधल्या माणसाला कसं कळावं? तो कागद बाजूला ठेवतो आणि खुलासा मागणारं पत्र धाडतो. हे पत्र एजंटाच्या जुन्या पत्त्यावर किंवा न बघितलेल्या ईमेलवर पडून राहिलं, तर साईटवर महिनोन्‌महिने काही हलणार नाही.

म्हणून एजंटाकडून फाईलचा नंबर आणि साईटचा पासवर्ड ह्याच आठवड्यात घ्या. तुमच्या नावाची फाईल आहे, तुमचा पैसा आहे, मागायला संकोच कसला! नवरा रोज साईट बघतो म्हणजे त्याच्याकडे ते असेलही, पण तुझ्याकडे नाही हे मी पैजेवर सांगते. एजंट नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर मग फाईल खरंच गेली आहे का, हाच प्रश्न आधी विचारा. मग एका सकाळी सासऱ्यांना घेऊन सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत जा. जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदींचे ‘तेओर’, म्हणजे पूर्ण उतारे, काढा आणि घरी आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. तफावत निघाली तर प्रतिज्ञापत्र लागेल की दुरुस्ती, ते वकील सांगेल.

एवढं झालं की साईट बघण्याचा एक दिवस ठरवा, महिन्यातून एकदा, दोघांनी मिळून, दिवसाउजेडी. साईटवर टप्पे सात आहेत. ते रात्रीतून बदलत नाहीत आणि बदलले तरी सकाळी दिसतातच. नवरा ऐकेल का? लगेच नाही ऐकणार. त्याला झोप न येणं, चिडचिड, कामात लक्ष नसणं असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर ते फाईलच्या खाती टाकून गप्प बसू नकोस. घरच्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. तिथे जायची लाज वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, घरी बसून फोन करता येतो.

छपराचं तर मला कळतच नाही. तुम्ही गेलात तर त्या छपराखाली कोण राहणार आहे? सासू-सासरे ना? मग मिरग लागण्याआधी वासे बदलायलाच हवेत, तुम्ही गोव्यात असा की परदेशात. नवऱ्याला हा खर्च ‘जाणाऱ्यांचा’ वाटतो, पण तो राहणाऱ्यांचा आहे. सुताराला आत्ताच सांगून ठेव, एप्रिलनंतर मिळत नाही तो.

वरच्या जागेचंही तेच. बाहेर नोकरी शोधताना मागचा अनुभव विचारतात, हुद्दा विचारतात. औषधनिर्मितीत सुपरवायझर म्हणून दोन वर्षं काढलेला माणूस आणि तीच दोन वर्षं ‘जाणारच आहे’ म्हणत जुन्या जागी बसलेला माणूस, यांतला पहिला कुणालाही चालतो. ती जागा अजून मोकळी असेल तर त्याला जाऊन विचारू दे. नसेल तर पुढची सोडू नये.

तुम्ही डिचोलीचे, म्हणून एक आठवण करून देते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा तुमच्या भागात दारोदार ट्रक उभे होते. ‘पुढच्या महिन्यात सुरू होतं’ म्हणत काहींनी टायर सडेपर्यंत वाट पाहिली, बँकेचा हप्ता मात्र वाढतच गेला. काहींनी ट्रक विकला, गाडा घातला, भाजीची वाहतूक धरली, आणि खाण सुरू झालीच तर बघू असं म्हणाले. तुझ्या सासऱ्यांनी ते दिवस जवळून पाहिले असणार. त्यांना विचार एकदा, नवऱ्याच्या देखत. माझ्या उपदेशापेक्षा त्यांच्या तोंडून आलेलं त्याला पटेल.

आता ज्या गोष्टीला तू हात लावायला घाबरतेस, तिच्याकडे येते. जायचं कुठे आहे?

तुझ्या पत्रात ‘तिकडे’ आहे, देशाचं नाव एकदाही नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात ब्रिटनमधलं स्विंडन आणि साउथहॉल असतं, कारण आधी गेलेले तिथे स्थिरावले. पण ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला म्हणून ब्रिटनमध्ये राहून नोकरी करता येत नाही. त्यासाठी आता इतरांसारखा व्हिसा लागतो. कुणाचा चुलतभाऊ २०१६ साली गेला आणि महिन्याभरात गोदामात लागला, ही गोष्ट खरी असेल, पण ती २०१६ ची आहे. आज उरतात ते युरोपीय संघाचे देश. त्यांत इंग्रजीवर भागेल असं म्हणायला आयर्लंड, फार तर माल्टा, बाकी ठिकाणी तिथली भाषा हवी. पोर्तुगालला जायचं असेल तर पगार आणि घरभाडं यांचा हिशेब आधी कागदावर मांडा, लिस्बनमधली भाडी ऐकून भलेभले मागे फिरतात. नवऱ्याला रात्रीची झोप येत नसेल तर संध्याकाळी पोर्तुगीज शिकू दे. पणजीत कामॉइश संस्थेचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज विभाग आहे. निदान ते वर्ष फुकट गेलं असं वाटणार नाही.

आणि काय सोडावं लागतं, तेही घरात मोठ्याने बोला. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं, भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदान नाही, सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून गप्प बसणारे आहेत, तो मूर्खपणा करू नका, गुन्हा आहे तो. पुढे येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड, काढता येतं. पासपोर्ट सरेंडरच्या प्रमाणपत्रावरून आपल्याकडच्या लोकांची ओसीआयसाठी फार अडवणूक झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं कळवलं होतं, पण आज काय चालतं ते वकिलाकडून खात्री करून घ्या. शिवाय ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. वडिलोपार्जित भाट, म्हणजे माडांची बाग, असेल तर त्याचे कागद आधी नीट करून घ्या. आणि बाबांची तिकडे नोंद झाली आहे, त्याचा त्यांच्या इथल्या नागरिकत्वावर काय परिणाम होतो, हेही वकिलाला स्पष्ट विचारा. नुसत्या नोंदीवरून हा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे.

तुझं मात्र वेगळं. नवऱ्याचं नागरिकत्व बदललं म्हणून तुझं आपोआप बदलत नाही. तू भारतीय राहून त्याची बायको म्हणून तिकडे राहू शकतेस, तो परवाना वेगळा काढावा लागतो. मुलीची नोंद करायची की नाही हा तिसरा निर्णय, तो त्याच्या निर्णयाला शेपटासारखा जोडू नका.

म्हणजे ‘मला जायचंय की नाही कळत नाही’ म्हणण्यात तुझा काही दोष नाही. कुठे जायचं, काय काम करायचं, सासू-सासऱ्यांचं कोण बघणार, ह्यातलं काहीच ठरलेलं नसताना कुणाला कळेल? तुला यायचं नाही असं तो म्हणतो, तेव्हा तू ‘नाही नाही, तसं नाही’ करत माघार घेतेस असं दिसतं. त्याऐवजी सरळ सांग, ‘मी नाही म्हणत नाही. मला देश सांग, काम सांग, पोरीची शाळा सांग, मग मी हो की नको ते सांगते.’ हे मुलगी आजीकडे गेलेली असेल अशा दुपारी बोल, रात्री मोबाईल त्याच्या हातात असताना नको. तो भडकेल. भडकू दे. आठ वर्षांच्या संसारात एवढं चालायचंच. त्याच्या भडकण्यामागे भीती आहे असं मला वाटतं. तीन वर्षं सगळ्या गावाला ‘जाणार’ म्हणून सांगितलं, आता नाही गेलो तर तोंड कसं दाखवायचं, ही. ती त्याला बोलून दाखवता आली तर अर्धं काम होईल.

चवथीच्या पाहुण्यांचं मी फारसं मनावर घेत नाही, तूही घेऊ नकोस. ‘फाईल लिस्बनला, आम्ही डिचोलीला, नेवऱ्या घ्या’ म्हणायचं आणि ताट पुढे करायचं.

मुलीची दुसरीची प्रवेशाची आणि पुस्तकांची तयारी डिचोलीतच करा, गृहीत धरून. मध्येच निघायची वेळ आली तर शाळेचा दाखला तेव्हाही काढता येतो.

बाबांच्या लग्नाची नोंद तिकडे चढली होती की नव्हती, आणि उताऱ्यात आजोबांचं नाव काय निघालं, ते मला जरूर कळव.

– माई