माया कादंबरी: आधी गाव ठरवा, मग देव

प्रश्न: सातव्या शतकातल्या पालेंकेवर ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहीत आहे. नायक शिबाल्बा या माया पाताळात उतरतो. ‘पोपोल वूह’मधली नावं तशीच वापरू का? माया पंचांगातली तारीख बिनचूक कशी बसवायची?

उत्तर: नावं तशीच नकोत. ‘पोपोल वूह’ हा ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे मायांचा ग्रंथ. तो रोमन लिपीत उतरला 16व्या शतकाच्या मध्यावर. पालेंके मेक्सिकोच्या चियापासमधलं, तिथल्या शिलालेखांची भाषा चोल गटातली. तुमच्या नायकात आणि त्या ग्रंथात भाषेचा फरक आहे, शिवाय नऊशे वर्षांचंही अंतर आहे. जुळ्या वीरांची कथा मात्र त्या काळीही होती. रंगीत भांड्यांवर जुळ्यांपैकी एक असलेल्या हुनाह्पूच्या जागी अंगावर काळे ठिपके असलेला ‘हुन आहाव’ दिसतो, तोच घ्या. ‘पालेंके’ हे नाव स्पॅनिश आहे, पात्रांच्या तोंडी ‘लाकमहा’ शोभेल.

आता तारीख. माया तारखेतले पाच आकडे उजवीकडून वाचा: दिवस, 20 दिवसांचा विनाल, 360 दिवसांचा तुन, 7,200 दिवसांचा कातुन, 1,44,000 दिवसांचा बाकतुन. घोटाळा होतो तो तुनपाशी. बाकी सगळीकडे विसाने गुणायचं, इथे मात्र अठराने; ते विसरलं की तारीख कित्येक वर्षांनी सरकते. पालेंकेचा राजा पाकाल राज्यावर बसला तो दिवस 9.9.2.4.8, म्हणजे इ.स. 615. बेरीज करा: 12,96,000 + 64,800 + 720 + 80 + 8 = 13,61,608. प्रत्येक दिवसाला 1 ते 13 मधला एक आकडा आणि वीस नावांपैकी एक नाव असे; मोजणी सुरू झाली तो शून्य दिवस होता ‘4 आहाव’. बेरजेला 13 ने भागलं की बाकी 1 उरते, ती चारात मिळवा: 5 (उत्तर 13 च्या वर गेलं तर 13 वजा करा). 20 ने भागलं की बाकी 8, आणि आहावपासून पुढे आठवं नाव लामात. उत्तर ‘5 लामात’, आणि शिलालेखातही तेच कोरलेलं आहे. मनाला येईल तो दिवस लिहिलात तर जाणता वाचक दोन भागाकारांत पकडेल.

प्रश्न: रोजच्या जगण्याच्या वर्णनात काय हमखास चुकतं?

उत्तर: घोडे, बैलगाड्या, लोखंडी तलवारी, गहू, दूध. यातलं काहीच तिथे नव्हतं. ओझं पाठीवर, त्याचा पट्टा कपाळावर. धार गारगोटीची किंवा ज्वालामुखी काचेची. कोकोचं पेय उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेसाळवत; रवी फिरवू नका. मिरची बिनधास्त घाला, ती तिकडचीच. आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली.

रबरी चेंडू कमरेने मारत. भिंतीतल्या उंच दगडी कड्या चिचेन इत्सासारख्या उत्तरेकडच्या, नंतरच्या चेंडूच्या मैदानांतल्या. आणि अॅझ्टेक इथे घुसवू नका: त्यांची राजधानी तेनोच्तित्लान वसली 1325 च्या सुमारास. तुमच्या काळात राजघराणं देवांना स्वतःचंच रक्त वाहत असे. याश्चिलान या दुसऱ्या माया नगरातल्या एका शिल्पात राणी जिभेतून काटेरी दोर ओढताना दिसते. हा प्रसंग कादंबरीला छाती फाडून बळी देण्यापेक्षा जास्त धार देईल.

प्रश्न: शेवटी 2012 च्या जगबुडीचं भाकीत घालू का?

उत्तर: नको. 21 डिसेंबर 2012 ला 13 बाकतुन पुरे झाले, एवढंच. पाकालच्या स्मारकातल्या लेखात तर थेट इ.स. 4772 मधली तारीख आहे.