गोदामात युनियन करायची आहे, पण मालक नक्की कोण?

प्रश्न थोडक्यात: धुळ्याजवळ महामार्गावर एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीचे गोदाम आहे. तिथे 240 जण काम करतात. त्यातले 30 कंपनीच्या हजेरीपटावर आणि बाकीचे तीन ठेकेदारांचे. तुम्ही तीन वर्षांपासून एका ठेकेदारामार्फत पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढायच्या कामाला आहात. बारा जणांनी युनियनसाठी सह्या केल्या. आठवड्याच्या आत त्यातल्या एकाचा गेटपास बंद झाला आणि ‘उद्यापासून येऊ नको’ असे तोंडी सांगण्यात आले. बाकीच्यांकडून ठेकेदाराचा माणूस कोऱ्या कागदावर सह्या मागतो आहे. युनियन करता येते का आणि त्या मित्राचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर: आधी मित्राचे बघू, कारण त्याची मुदत चालू झाली आहे. त्याने एक साक्षीदार बरोबर घेऊन शिफ्टच्या वेळेला गेटवर जावे आणि वेळ लिहून ठेवावी. त्याच दिवशी ठेकेदाराला स्पीड पोस्टने पत्र टाकावे आणि प्रत कंपनीला पाठवावी: ‘मी अमुक वेळी कामावर हजर राहायला आलो, मला आत सोडले नाही, मी काम सोडलेले नाही, मला कामावर घ्यावे.’ हे पत्र नसले की उद्या कोर्टात ठरलेले उत्तर येते: ‘आम्ही काढलेच नाही, तो स्वतःहून यायचा बंद झाला.’ तोंडी काढण्यामागची युक्ती हीच असते. पीएफचे पासबुक उतरवून घ्या, त्यात कोणत्या महिन्यात कोणत्या ठेकेदाराने पैसे भरले ते दिसते. पगाराच्या पावत्या आणि शिफ्टच्या मेसेजचे फोटोही दुसऱ्या फोनमध्ये ठेवा.

महाराष्ट्राचा 1971 चा कायदा युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा (युनियन केली म्हणून धमकावणे, कामावरून काढणे अशी कृत्ये) यांबद्दल आहे. त्यात अशा प्रथेविरुद्ध तक्रार 90 दिवसांत करावी लागते. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, तिच्या दुसऱ्या अनुसूचीतही (कायद्याला जोडलेल्या यादीत) अशी कृत्ये दिली आहेत. समोरचा वकील एका कायद्याला हरकत घेईल, म्हणून तक्रारीत दोन्हींचा आधार मांडलेला बरा. 1971 च्या कायद्याखाली कामावरून काढल्याची तक्रार चौथ्या अनुसूचीच्या बाब 1 खाली कामगार न्यायालयात जाते. युनियन केली म्हणून धमकावल्याची तक्रार त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीखाली औद्योगिक न्यायालयात जाते. दोन्ही एका अर्जात कोंबले की अधिकारक्षेत्राच्या वादात महिने जातात. आणि हो, युनियनची हालचाल सुरू झाल्यावर ती मोडायला अचानक पगारवाढ देणे हेही त्याच अनुसूचीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता मालकाचा मुद्दा. सगळ्यांना वाटते की गोदाम कंपनीचे, बोर्ड कंपनीचा, मग तक्रारही कंपनीवर. इथेच प्रकरणे फसतात. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या 2001 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीच खरी मालक आहे की नाही हा वाद असेल, तर तो आधी योग्य मंचावर सुटला पाहिजे, 1971 च्या कायद्याखालच्या तक्रारीत तो ठरवता येत नाही. ज्याच्या नावाने पीएफ भरला जातो तो ठेकेदार मालक आहे हे तो स्वतःही नाकारणार नाही. म्हणून मित्राची तक्रार ठेकेदाराविरुद्ध टाका. ‘ठेकेदार नावापुरता, खरी मालक कंपनी’ हा वाद वेगळा चालवा. तो वर्षानुवर्षे चालतो, त्यात मित्राची नोकरी अडकवू नका.

युनियन करता येते, ठेकेदाराच्या कामगारांनाही. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासद लागतात. शिवाय अर्जाच्या दिवशी आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा सभासद असायला हवा. तुमच्या गोदामाला धरून युनियन केली तर 24 पुरतात. जिल्ह्यातल्या सगळ्या गोदामांची केली तर आकडा 100 पर्यंत जाऊ शकतो. सुरुवात गोदामापुरती करा, असे माझे मत.

अर्ज कामगार संघटनांच्या निबंधकाकडे जातो. सोबत प्रतिज्ञापत्र, नियमावली, ती स्वीकारल्याचा ठराव आणि अर्ज करायचा अधिकार दिल्याचा ठराव लागतो. सातच सह्या घेऊ नका, पंधरा घ्या. अर्जानंतर अर्जदारांपैकी निम्म्यापर्यंत लोक फुटले तरी अर्ज बाद होत नाही. म्हणजे सातात तिघे फुटले तर चालते, चौघे फुटले तर अर्ज धोक्यात. कार्यकारिणीत बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातले जे कमी तेवढेच. सात जणांच्या कार्यकारिणीत दोन. तालुक्याचे पुढारी हौसेने अध्यक्ष व्हायला येतील, त्यांना हा आकडा दाखवा.

वर्गणी वीस रुपये ठेवा, पण दर महिन्याला क्रमांकाची पावती फाडा आणि सभेचे इतिवृत्त वहीत लिहा. 1971 च्या कायद्याखाली मान्यता (कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायचा अधिकार) मागताना 30 टक्के सभासदत्व आधीचे सलग सहा महिने दाखवावे लागते. सहा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेल्या दिसल्या की उलटतपासणीत पावतीपुस्तकावरचा विश्वास तिथेच संपतो. संहितेत एकट्याने वाटाघाटी करायला 51 टक्के लागतात. तो टप्पा पुढचा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. आधीच केली असेल तर तारखेसह तसे लेखी कळवा. आणि रागाच्या भरात सगळ्यांनी मिळून एका दिवशी रजा टाकू नका. निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून रजेवर गेले तर संहिता त्याला संप म्हणते आणि संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. ती दिली नसेल तर संप बेकायदा ठरतो आणि कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड किंवा महिन्याभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. तुमच्या व्हॉट्सअॅप गटात सुपरवायझर असेल, तर असली भाषा तिथे लिहूही नका. पुढे त्याचीच छापील प्रत समोर येते.

मित्राला येत्या दोन दिवसांत पत्र टाकायला सांगा आणि टपालाची पावती जपून ठेवायला सांगा.