पहाटेसाठी कोणती दुर्बीण घ्यावी?

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला पहाटे पक्षी पाहण्यासाठी ८×४२ आणि १०×४२ यांपैकी कोणती दुर्बीण घ्यावी? काचेची प्रत कशी पारखावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही ८×४२ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यातला पहिला आकडा वर्धन, म्हणजे दृश्य किती पट मोठे दिसते ते, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो. पुढच्या भिंगाचा व्यास वर्धनाने भागला असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ती ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, तर १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर असते, आणि अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असताना हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय दहापट वर्धनात हाताचा कंपही अधिक दिसतो.

मात्र आकडे सारखे असूनही दोन दुर्बिणींची प्रतिमा सारखी नसते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, म्हणून सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप आहे का, हे आवर्जून विचारावे. उजळ आकाशासमोरची विजेची तार पाहावी (सूर्याकडे कधीही रोखू नये). तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. ही पारख संध्याकाळी दुकानाबाहेर करावी, कारण आतल्या प्रखर दिव्यांखाली साधी काचही उत्तम भासते.