नाशिकच्या ज्येष्ठांना मॅस्टोडॉनसारखं विकेंद्रित समाजमाध्यम का आवडावं, हे गोष्टीतून कसं सांगू?

बिऱ्हाड बदलण्याची गोष्ट सांगा. सर्व्हर-प्रोटोकॉल हे शब्द नंतर. पंचवटीतल्या वाड्याचे नियम जाचायला लागले म्हणून एक कुटुंब सिडकोत गेलं, आणि येणारी-जाणारी माणसं न कळवताच नव्या दारी यायला लागली. मॅस्टोडॉनवर असंच खातं एका सर्व्हरवरून (खाती ठेवणारा संगणक, म्हणजे गोष्टीतला वाडा) दुसऱ्यावर नेता येतं, कारण सर्व्हर वेगवेगळ्या मालकांचे असले तरी ॲक्टिव्हिटीपब या खुल्या मानकावर (२०१८ पासूनचं) एकमेकांशी बोलतात. प्रात्यक्षिक दाखवणार असाल तर आधी नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता नोंदवा, मगच जुन्यातून स्थलांतर करा. उलट क्रमाने होत नाही. फॉलोअर आपोआप येतात. जुन्या पोस्ट मात्र वाड्यातच राहतात, आणि वाडाच पडला, म्हणजे जुना सर्व्हर बंद झाला, तर फॉलोअरही हलवता येत नाहीत. हा भाग गोष्टीतून गाळू नका.