फीड म्हणजे बॅकअप नव्हे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुने ब्लॉग सावरून ठेवणं हे माझं काम. त्यामुळे प्रश्न सतत येतात आणि त्यांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. फीड म्हणजे ब्लॉगवर नवं काय आलं ते सांगणारी फाइल, आणि आरएसएस हा ती लिहिण्याचा एक नमुना. एका उत्तराला बरीच जागा दिली आहे, ती मुद्दाम.

प्रश्न : ‘ब्लॉग’ हा शब्द कुणाचा? आणि जगातला पहिला ब्लॉग कोणता?

‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो गमतीने ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि मागचा तुकडा रूढ झाला. जस्टिन हॉल तर १९९४ पासूनच स्वतःच्या पानावर स्वतःबद्दल लिहीत होते, तेव्हा हा शब्दही नव्हता. ‘पहिला’ कोण, हे तुम्ही ब्लॉग कशाला म्हणता त्यावर ठरतं. एकच नाव ठामपणे सांगणाऱ्यावर विसंबू नका.

प्रश्न : आरएसएसची तीन वेगवेगळी पूर्ण रूपं वाचली. बरोबर कोणतं? १.० पेक्षा २.० चांगली असणारच ना?

तिन्ही रूपं आपापल्या वेळी बरोबर होती. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या ‘माय नेटस्केप’ पानासाठी हा नमुना आणला, तेव्हा तो ‘आरडीएफ साइट समरी’ होता (आरडीएफ म्हणजे माहितीचं वर्णन करण्याची एक पद्धत). त्याच वर्षी जुलैत ०.९१ आवृत्तीतून आरडीएफ काढून टाकलं आणि नाव झालं ‘रिच साइट समरी’. पुढे नेटस्केपचं लक्ष उडालं आणि दोन वाटा फुटल्या. एका गटाने डिसेंबर २००० मध्ये आरडीएफ परत आणून १.० काढली, त्या गटात तेव्हा चौदा वर्षांचा असलेला आरन स्वार्ट्झही होता. डेव्ह वायनर मात्र ०.९१ चीच साधी वाट पुढे नेत सप्टेंबर २००२ मध्ये २.० वर पोचले आणि त्यांनी अर्थ लावला ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’.

म्हणजे २.० ही १.० ची सुधारलेली आवृत्ती नाही. दोघी चुलत बहिणी आहेत. या भांडणाला कंटाळून तिसऱ्यांनी ॲटम नावाचा वेगळा नमुना तयार केला, तो डिसेंबर २००५ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. मजकूर साधा आहे की एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा), हे ॲटममध्ये स्पष्ट लिहावं लागतं. आरएसएसमध्ये वाचणाऱ्या प्रोग्रामला ते ओळखत बसावं लागे. तुमची चालू फीड आकड्यांच्या मोहाने बदलू नका. बदलायचीच असेल तर साइट सांभाळणाऱ्याला आधी विचारा.

प्रश्न : आरएसएस मेलं असं सगळे म्हणतात. साइट नवी करून देणारेही फीड काढून टाकू म्हणतात. काढू का?

नका. १ जुलै २०१३ ला बंद झालं ते गूगल रीडर, फीड वाचण्याचं एक साधन. आरएसएस हा फाइल लिहिण्याचा नमुना आहे, तो कुणा एका कंपनीच्या हातात नाही. पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात. डिसेंबर २००० च्या ०.९२ आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ नावाचा एक घटक आला, त्यात फाइलचा पत्ता, आकार आणि प्रकार एवढंच लिहायचं असतं. त्यातून पुढे एवढा पसारा उभा राहिला. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये फीड दाखवणं सोडलं. तेव्हापासून नारिंगी चिन्हावर बोट ठेवलं की कंसांचा गिचमिड मजकूर दिसतो आणि लोकांना वाटतं, हे बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं.

साइट करून देणाऱ्यांना सर्व्हरच्या नोंदी दाखवायला सांगा. फीडच्या पत्त्यावर किती विनंत्या येतात ते त्यात दिसतं. ते पाहिल्याशिवाय ‘कुणी वापरत नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

प्रश्न : माझ्या ब्लॉगची फीड मी दर महिन्याला संगणकावर उतरवून ठेवते. म्हणजे माझे सगळे लेख सुरक्षित आहेत, बरोबर?

नाही. आज, अगदी आत्ता, ती फाइल उघडून त्यातल्या नोंदी मोजा.

एका बाईंनी मला अशीच फाइल मोठ्या विश्वासाने पाठवली होती. नऊ वर्षांचं लेखन, आईच्या आजारपणातल्या नोंदींसकट. सेवा बंद पडलेली. फाइलमध्ये दहा लेख होते. शेवटचे दहा. त्यांना ते फोनवर सांगताना मला शब्द सुचत नव्हते.

फीड कशासाठी निघाली ते लक्षात घ्या. ‘या पानावर नवं काय आहे’ एवढंच सांगायला. ०.९१ मध्ये एका फीडमध्ये पंधरापेक्षा जास्त नोंदी चालतच नसत. पुढे ही अट गेली, पण सवय राहिली. वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर आजही सांगितल्याशिवाय दहाच नोंदी देतं, आणि कित्येक जण पूर्ण लेखाऐवजी उतारा देतात. नवी नोंद आली की तळाची जुनी नोंद फीडमधून गळते. तुमच्या दर महिन्याच्या फाइली सलग असतील आणि एकही महिना तुम्ही दहापेक्षा जास्त लिहिलं नसेल, तरच त्या जोडून काही हाती लागेल.

गोंधळाचं एक खरं कारण आहे, ते मान्य करतो. वर्डप्रेसची निर्यात फाइलही आरएसएसच्याच साच्यात असते. तेच ‘चॅनेल’, तेच ‘आयटम’. दोन्ही शेजारी ठेवल्या तर वरवर सारख्या दिसतात. फरक आत आहे : निर्यातीत पहिल्यापासूनचे सगळे लेख, मसुदे आणि प्रतिक्रिया येतात.

आणि आता जे फार थोड्यांना माहीत असतं ते. त्या निर्यातीतही चित्रं नसतात. चित्रांचे फक्त पत्ते असतात. नव्या जागी फाइल भरली की ती चित्रं जुन्या पत्त्यावरून आणली जातात. जुना पत्ता बंद असेल तर तुमच्या लेखात फक्त रिकामे चौकोन उरतात. म्हणून चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवायचा. शक्य असेल तर डेटाबेसही, म्हणजे ब्लॉगचा मजकूर जिथे साठतो तो साठा.

वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात, सगळं असेलच, या भरवशावर तर मुळीच राहू नका. ते फार मोलाचं काम आहे, पण तुमचं प्रत्येक पान त्यांनी टिपलं असेल असं नाही. लोकांना स्वतःची पानं उभारू देणारी जिओसिटीज सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा स्वयंसेवकांनी रात्रंदिवस पानं उतरवली, तरी सगळं वाचलं नाही.

निर्यात, चित्रं, डेटाबेस, तिन्ही काढल्यावर ती एखाद्या जाणकाराकडून दुसऱ्या ठिकाणी भरून बघा. भरून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

प्रश्न : कालपर्यंत फीड चालत होती, आज कुठेच उघडत नाही. ब्लॉग मात्र नीट दिसतो.

शेवटच्या लेखाच्या शीर्षकात ‘&’ हे चिन्ह आहे का पाहा. ब्राउझर एचटीएमएलमधल्या चुका पोटात घालतो; फीड ज्या भाषेत लिहितात त्या एक्सएमएलमध्ये ते चिन्ह मोकळं पडलं की पूर्ण फाइल नाकारली जाते. किंवा थीमच्या, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, एखाद्या फाइलमधून सगळ्यात वर एक रिकामी ओळ आली असेल. फीड तपासणाऱ्या साधनात पत्ता टाका, चुकीच्या ओळीचा क्रमांक मिळेल, तो घेऊन तुमच्या तंत्रज्ञाकडे जा. स्वतः थीमला हात लावू नका.

प्रश्न : एक कंपनी जुन्या ब्लॉगला ‘हजार ट्रॅकबॅक’ मिळवून देते म्हणते. त्याने ब्लॉग वर येतो का?

पैसे देऊ नका. ट्रॅकबॅक २००२ मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलं. ‘मी तुमच्या लेखावर लिहिलंय’ असा निरोप एका ब्लॉगने दुसऱ्याला पाठवायचा, इतकी सुंदर कल्पना. पण निरोप खरा आहे का हे तपासायची सोय त्यात नव्हती, आणि असल्याच लोकांनी जाहिरातींचा मारा करून ती मारली. पिंगबॅक या तशाच निरोपाच्या दुसऱ्या पद्धतीत तो दुवा खरोखर आहे का ते तपासलं जातं. जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही दुव्याला लावायची खूण आली, ती प्रतिक्रियांमधल्या असल्या दुव्यांना शोधयंत्रात किंमत मिळू नये म्हणूनच. उलट अशा दुव्यांमुळे तुमचाच ब्लॉग खाली जाऊ शकतो. आधी पैसे दिले असतील तर जाणकाराकडून दुवे तपासून घ्या.

प्रश्न : एजॅक्सचा शोध २००५ मध्ये लागला ना?

नाव २००५ चं, जेसी जेम्स गॅरेट यांनी दिलेलं. त्यामागची मुख्य सोय, म्हणजे पूर्ण पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणणं, मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये १९९९ मध्येच होती.

प्रश्न : माझा ब्लॉग ज्या सेवेवर आहे ती तीन महिन्यांनी बंद होणार अशी सूचना आली आहे. निवांतपणे बघितलं तर चालेल ना?

चालणार नाही. मुदतीच्या शेवटी सगळेच धावतात आणि निर्यात रांगेत अडकते. त्याहून वाईट म्हणजे पासवर्ड चालत नाही हे लोकांना तेव्हा कळतं. तो परत मिळवायला जुना ईमेल लागतो, तो कधीचाच बंद झालेला असतो, आणि मदतकक्षाशी पत्रव्यवहार करण्यात आठवडे जातात. हे वाचून झालं की लगेच लॉगिन करून बघा. नाही झालं तर आजच मदतकक्षाला लिहा.